ज्याच्या चपला बाहेर

सोमवार, ३ तारीख

आलो बाबा एकदाचे! सामान अजून दोरीने बांधलेलंच आहे, चहाचं भांडं कुठल्या खोक्यात गेलं ते देवालाच ठाऊक, पण खिडकी मोठी आहे आणि नळाला पाणी आहे, म्हणून मी खुश आहे. शीतगृहाच्या आवारातच दोन खोल्यांचं घर मिळालंय. नवरा मेकॅनिक, मी ऑफिसात. दोघांना एकाच ठिकाणी नोकरी, तीही एकदमच. सासूबाई निघताना म्हणाल्या की दिवसभर एकमेकांच्या डोळ्यांसमोर राहिलात तर भांडून परत याल. बघू या. आजवर आमचं एकही भांडण संध्याकाळच्या चहापलीकडे टिकलेलं नाही.

दुपारी नवऱ्याने सगळं आवार फिरवून दाखवलं, जसं काही त्याच्याच वडिलांचं आहे. चार मोठ्या खोल्या, हातभर जाडीची दारं. आत फळांचे क्रेट छतापर्यंत. खोली भरली की दार सील करतात आणि आतल्या हवेतला प्राणवायू मशीनने काढून घेतात. मग फळ म्हणे झोपून राहतं, महिनोन्‌महिने सडत नाही. मी विचारलं, आणि चुकून माणूस आत राहिला तर? तो म्हणाला, तोही झोपतो. मी म्हटलं, पहिल्याच दिवशी काहीतरी शुभ बोल रे.

एक गोष्ट मात्र बघवत नाही. प्रत्येक खोलीच्या दाराशी चपलांचा हा ढीग! आत जाताना जाड गमबूट घालावे लागतात, तर माणसं आपल्या चपला तिथेच दारात सोडून जातात. लग्नघर परवडलं. चौथ्या खोलीपाशी तर तपकिरी बुटांचा एक जुना जोड आहे, त्यावर बोटभर धूळ. कोणाचे म्हणून विचारलं तर लोडर दुसरीकडे बघायला लागला. पैज लावते, त्याचेच असणार.

मंगळवार, ४ तारीख

कामाचा पहिला दिवस. मॅनेजरसाहेब माणूस बरा आहे, फक्त एकच वाक्य तीनदा बोलतो. त्याने माझं काम समजावलं. माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक स्प्रेडशीट आहे, त्याला इथे सगळे ‘तक्ता’ म्हणतात. कोण कुठल्या खोलीत आहे ते त्यात टाकायचं. पुढे दोनच शब्द: ‘आत’ किंवा ‘बाहेर’. माणसाचं नाव लिहायचंच नाही, हुद्दा लिहायचा. लोडर, ड्रायव्हर, मेकॅनिक, आणि ऑफिस म्हणजे मी. माणसं येतात-जातात, हुद्दा जागेवर राहतो, असं साहेब म्हणाले. तीनदा म्हणाले.

दारांची कुलुपं ह्याच तक्त्याला जोडलेली आहेत. तक्त्यात खोली रिकामी असेल तरच दार सील होतं. आणि एकदा सील झालं की तक्त्यात कोणीतरी ‘आत’ असल्याशिवाय ते हंगाम संपेपर्यंत उघडत नाही. मला हे फार आवडलं. स्वच्छ हिशेब, उगाच चपला मोजायला नकोत. एक हंगाम हे सगळं नीट चाललं, मग प्रोग्राम बिघडला आणि लोक परत चपलांवर आले. मालकांना या हंगामाचं सील तक्त्यावरूनच व्हायला हवंय.

बसले ऐटीत, प्रोग्रामवर क्लिक केलं. खिडकी उघडली, डोळा मिचकावावा तशी लुकलुकली आणि गायब. ‘काहीतरी चूक झाली आहे.’ अरे, कोणाची? परत केलं. तेच. संध्याकाळपर्यंत तेच. घरी जाऊन नवऱ्यावर खेकसले, तर तो म्हणतो, बाईसाहेब, पहिल्याच दिवशी यंत्राशी वाकडं घेऊ नये.

गुरुवार, ६ तारीख

डोक्याला नुसता ताप. दुरुस्तीवाला फोनवरच बोलतो, इकडे फिरकत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते आज समजलं. बंद करून चालू करा म्हणे. केलं. प्रोग्राम काढून टाका, नव्याने घाला. घातला. सगळं झाल्यावर मोठ्या आशेने क्लिक केलं आणि येरे माझ्या मागल्या! उघडला, लुकलुकला, गेला.

काय काय करून पाहिलं ते त्याने लिहून ठेवायला सांगितलंय, म्हणून ही रोजनिशी आता ऑफिसच्या टेबलावर, कीबोर्डशेजारी आली आहे. तर लिहिते. सेफ मोडमध्ये, म्हणजे सगळी जोडकामं बंद ठेवून, प्रोग्राम उघडतो. शहाण्या मुलासारखा उघडतो आणि कोरा करकरीत बसून राहतो. पण त्यात कुलुपं चालत नाहीत, म्हणजे असून नसल्यासारखाच.

एवढंच एक दिसलं. गायब होण्याआधी त्या क्षणभरात कोरी चौकट नसते. मधोमध एक लाल ओळ असते. एकच. वाचायच्या आत जाते.

मावशी चहा घेऊन आल्या. मावशी म्हणजे इथला चहा, झाडलोट आणि गमबूट, तिन्ही खात्यांच्या मालकीण. मी कपाळाला हात लावून बसलेली बघून म्हणाल्या, उघडत नाही ना, मग नको उघडू. मी म्हटलं, मावशी, मला पगार उघडण्याचाच मिळतो.

शनिवार, ८ तारीख

आज थोडं यश! प्रोग्राम उघडताना म्हणे आधी ठरलेल्या प्रिंटरला हाक मारतो. प्रिंटरने ओ दिली नाही की तिथेच घोडं अडतं. आमचा ठरलेला प्रिंटर कुठला? तर ‘चौथी खोली, पॅसेज’. जाऊन बघितलं. तिथे भिंतीत नुसता प्लग आहे, खाली ते धुळकट बूट, आणि प्रिंटर काढून नेल्याचा चौकोनी डाग. म्हणजे हा शहाणा रोज नसलेल्याला हाका मारत होता. सेटिंग बदललं, माझ्या टेबलावरचा प्रिंटर लावून दिला.

आणि प्रोग्राम टिकला! फार नाही, ओळ वाचण्यापुरता. ‘चौथी – मेकॅनिक – आत.’ मग गेला.

मी खिडकीतून पाहिलं. मेकॅनिक समोर कट्ट्यावर उन्हात बसून कान कोरत होता. मी हाक मारून सांगितलं की तू चौथ्या खोलीत आहेस. तो म्हणाला, तरीच मला इतकं गार वाटतंय. दोघंही हसलो. पण मला त्या ओळीचा राग आलाय. चार दिवस मी ह्या ठोंब्याची मनधरणी करतेय आणि तो उघडून बोलतो तर खोटं बोलतो.

मंगळवार, ११ तारीख

सकाळपासून नुसती चिडचिड. दुरुस्तीवाल्याने नवीन बातमी दिली. प्रोग्राम सुरू होताना एका ठराविक फोल्डरात जे पडलेलं असेल ते न विचारता उघडतो. त्या फोल्डरात एक फाइल सापडली. हीच, लाल ओळवाली. उडवली. प्रोग्राम सुरू केला, गडगडला. फोल्डर बघते तर फाइल परत हजर! परत उडवली, परत आली. भीक नको पण कुत्रं आवर.

त्याचं म्हणणं असं की प्रोग्राम बंद पडताना स्वतःच एक प्रत वाचवून ठेवतो. म्हणजे बंद पडतो म्हणून फाइल येते आणि फाइल येते म्हणून बंद पडतो. मी त्याला विचारलं, मग मी काय करू, दोघांचं लग्न लावून देऊ? त्याने फोन ठेवला.

मला वाटलं, कोणीतरी मुद्दाम टिंगल करतंय. लोडरला, ड्रायव्हरला, सगळ्यांना झापलं. माझ्या नवऱ्याच्या नावाने असली ओळ कोण घालतं म्हणून विचारलं. ड्रायव्हर म्हणाला की ओळ तुमच्या यजमानांच्या आधीची आहे.

बुधवार, १२ तारीख

मावशींनी आज दार लावून घेतलं आणि बसून सगळं सांगितलं.

तक्ता चालू होता त्या हंगामात इथे दुसरा मेकॅनिक होता. साहेबांनी तेव्हा दारातल्या चपला उचलून एका कोपऱ्यात नीट मांडायला लावल्या होत्या; तक्ता आहे ना, मग पसारा कशाला. तो मेकॅनिक चौथ्या खोलीत गेला. तेव्हाच्या ऑफिसवाल्या बाईने तक्त्यात ‘आत’ टाकलं. मग प्रोग्राम बंद पडला. परत उघडला तो आधीची प्रत घेऊन उघडला, आणि आधीच्या प्रतीत तो ‘बाहेर’ होता. खोली रिकामी दिसली. दार सील झालं. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा दार उघडायला तक्त्यात ‘आत’ टाकायला हवं होतं, आणि तक्ता काही केल्या उघडेना. ती बाई रडत टाकत राहिली, प्रोग्राम बंद पडत राहिला. दार फोडलं तोवर फार उशीर झाला होता.

त्याचे बूट मावशींनी कोपऱ्यातून आणून परत चौथ्या दाराशी ठेवले. तेव्हापासून कोणी हलवत नाही. मी म्हटलं, पण मावशी, माणूस तर गेला, मग बूट कशाला? तर म्हणाल्या, “ज्याच्या चपला बाहेर, तो आत. तो आत आहे तोवर ती जागा भरलेली आहे. भरलेलीच राहू दे.”

वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्या बाईचं तर फारच. पण यात तक्त्याचा दोष नाही, नीट सेव्ह न करण्याचा दोष आहे. आणि ओळ कुठून आली तेही कळलं. एकदा त्या बाईचं ‘आत’ लागलं आणि तिथेच अडकून बसलं. एवढ्या मोठ्या दुःखाचं एका ओळीत लोणचं घालून ठेवलंय, आणि आमचं काम त्यापायी अडलंय.

नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवणावरून हात काढून घेतला आणि म्हणाला, मग ती ओळ तशीच राहू दे की, तुझं काय जातं? माझी नोकरी जाते, मी म्हटलं. तुला काय, तुझी मशीनं तुझं ऐकतात. भांडण झालं. चहापलीकडे गेलं.

गुरुवार, १३ तारीख

झालं! झालं, झालं, झालं!

इतकं सोपं होतं. सेफ मोडमध्ये गेले, तिथून ती फाइल हाताने उघडली. ओळ समोर. ‘आत’ पुसून ‘बाहेर’ लिहिलं. सेव्ह केलं. नक्की का म्हणून विचारलं. अरे नक्की म्हणजे काय, दहा दिवस झाले! हो म्हटलं.

मग नेहमीसारखा प्रोग्राम चालू केला, आणि तो उघडला. उघडाच राहिला. चारही खोल्या, सगळे हुद्दे, कुलुपं, सगळं जागच्या जागी. मी खुर्चीतच नाचले. साहेब आले, त्यांनी तीनदा शाबासकी दिली. दुरुस्तीवाल्याला मी स्वतः फोन करून ऐकवलं.

मावशींनी मात्र चहाचा कप जरा जोरातच ठेवला.

शुक्रवार, १४ तारीख

ते तपकिरी बूट गेले.

सकाळी चौथ्या दारापाशी नव्हते. धुळीत त्यांचा कोरा ठसा तेवढा होता. मावशी म्हणतात त्यांनी हात लावला नाही, लोडर म्हणतो त्याने नाही. पॅसेजभर ओले डाग होते, मोजे घातलेल्या पायांचे, थेट चौथ्या दारापासून ठशापर्यंत. ठशापासून पुढे फाटकापर्यंत बुटांचे. साहेब म्हणाले, कोणीतरी नवा गडी असेल. बरं झालं, घाण गेली.

मलाही तेच म्हणायचं होतं. पण ते ओले डाग वाळेपर्यंत मी पॅसेजमध्ये गेले नाही.

असो. तक्ता झकास चाललाय. साहेबांनी विचारलं आता आणखी काय सुधारावं, तर मी सांगितलं की त्या चपला दारातून हलवा, फाटकाशी एक मांडणी करून द्या. लगेच सुताराला बोलावलं. माझी सूचना इतक्या लवकर कोणी मानल्याचं मला तरी आठवत नाही.

सोमवार, १७ तारीख

मांडणी आली. चपला ओळीत. सकाळी आल्या आल्या सगळे तिथेच गमबूट चढवतात, दिवसभर घालून फिरतात. बघायला किती छान! नवरा कुरकुरला, त्याला त्याच्या चपला दारातच बऱ्या वाटतात. मी म्हटलं, बायकोची अब्रू आहे, लोक काय म्हणतील. ठेवल्या बिचाऱ्याने मांडणीत.

तक्त्याने आज एक खोड काढली. दुपारी बघते तर ‘चौथी – मेकॅनिक – आत’, लालभडक. मी घाबरून धावत गेले. चौथी उघडी, आत कोणी नाही. नवरा मशीनघरात तेल घालत होता. परत येऊन ‘बाहेर’ केलं. थोड्या वेळाने परत ‘आत’. दुरुस्तीवाला म्हणतो, जुनी प्रत कुठेतरी चिकटली असेल, बदलत राहा, जाईल.

बुधवार, १९ तारीख

जात नाही. दिवसभरात कितीदा तो ‘आत’ होतो आणि कितीदा मी त्याला ‘बाहेर’ काढते, काही हिशेब नाही. काल प्रत्येक वेळी उठून बघून येत होते. आज उठले नाही. कंटाळा आला. सवयीने बोट जातं, बदललं, सेव्ह, पुढचं काम. विकतचं दुखणं.

नवऱ्याचे हात गार लागतात. घरीसुद्धा. चहाच्या कपाला धरून बसला होता. म्हणाला, पहिल्या तीन खोल्यांत काही वाटत नाही, चौथीजवळून गेलं की कोणीतरी आत जागा करून दिल्यासारखं वाटतं. खुर्चीवरून उठून ‘बसा’ म्हणावं तसं.

मी त्याला म्हटलं, नको जाऊस ना चौथीत. तो म्हणाला, शुक्रवारी सील आहे, त्याआधी आतली मूठ दुरुस्त करायचीय. आतून दार उघडायची ती मूठ, घट्ट बसलीय. तेवढंच एक काम.

गुरुवार, २० तारीख

मावशींनी आज परत विचारलं की चपला दारात ठेवू का. मी म्हटलं, साहेबांना विचारा. मी ओरडले थोडी. झोप नाही नीट.

तक्ता – ‘आत’. बदललं. ‘आत’. बदललं. बदललं.

ठरवलंय, उद्या सील झालं की दुरुस्तीवाल्याला इथे ओढून आणायचं. आणि नवऱ्याची माफी मागायची. तो बरोबर बोलला होता, ओळ तशीच राहू द्यायला हवी होती. उद्या सांगते. चहाच्या वेळी.

शुक्रवार, २१ तारीख. दुपार

प्रोग्राम बंद पडलाय, कॉम्प्युटर परत चालू होतोय. तोवर लिहिते, नाहीतर हा चालू होईपर्यंत वेड लागेल.

सील करायची वेळ. साहेब इथे, माझ्या पाठीशी, मालकांचा फोन कानाला. मी दुसऱ्या फोनवर. नवरा खिडकीत आला होता. मला दिसला. काच वाजवली, म्हणाला, “सांगून जातोय हं. चौथीत आहे, मूठ काढलीय, लावतो आणि येतो.” मी हाताने बरं बरं केलं. ऐकलं मी. कानांनी ऐकलं.

मग साहेब म्हणाले, चौथी लाल का? मी स्क्रीनकडे बघितलं. ‘मेकॅनिक – आत’.

मी म्हटलं, ते रोजचंच आहे हो.

आणि बदललं. बोट आपोआप गेलं. ‘बाहेर’. हिरवं झालं. साहेबांनी सील दाबलं.

मी चहा सांगायला बाहेर गेले तर मावशी सगळ्यांनी काढून दिलेले गमबूट मांडून ठेवत होत्या. म्हणाल्या, एक जोड कमी आहे. मांडणीत त्याच्या चपला. नीट. ओळीत. मी सांगितल्या तशा.

खरं होतं. ह्या एकाच वेळी ते ‘आत’ खरं होतं.

नंतर

दार उघडत नाही. साहेब, ड्रायव्हर, लोडर, सगळे पहारी घेऊन लागलेत. हातभर जाड आहे. आगीचा बंब निघालाय म्हणे. हवा काढणारं मशीन बंद करायला गेले, ते फक्त मेकॅनिकला येतं. मेकॅनिकला.

वायर तोडली ड्रायव्हरने. मशीन थांबलं. कुलूप नाही सुटलं. हवा गेली ती गेलीच.

तक्त्यात ‘आत’ टाकलं की दार उघडतं. एवढंच. एक शब्द.

परत इकडे धावले. क्लिक केलं. उघडला, लुकलुकला, गेला.

नंतर

बंद करून चालू. तेच.
सेफ मोड. उघडतो. कुलुपं नाहीत. काय उपयोग, काय उपयोग तुझा मेल्या!
प्रिंटर. परत ‘चौथी, पॅसेज’ झालाय. मी बदलला होता. बदलला. तेच.
फोल्डर. फाइल उडवली. आली. उडवली. आली.

दुरुस्तीवाला फोनवर. म्हणतो बंद करून

नंतर

आतून ठोकतोय. पॅसेजमधून ऐकू येतं. दारावर गाल लावून मी ओरडले की आले, उघडते. त्याने ऐकलं असेल. ठोकणं थांबलं थोडं, मग परत –

मावशींनी त्याच्या चपला मांडणीतून आणून चौथ्या दाराशी ठेवल्या. काही बोलल्या नाहीत मला. बोलायला हवं होतं.

नंतर

ठोकणं हळू झालंय.

उघडला. प्रोग्राम उघडलाय. बंद पडला नाही. मधे एक चौकट. दोन प्रती सापडल्या म्हणे, कुठली ठेवायची. लिहायला गेले तर लिहू देत नाही. फक्त निवडायचं.

पहिली. चौथी – रिकामी. म्हणजे दार उघडणार नाही.

दुसरीत चौथीत कोणीतरी आहे. लाल ओळ. दार उघडेल. पण तिथे मेकॅनिक नाही लिहिलेलं. ‘चौथी – ऑफिस – आत.’

परत वाचलं. ऑफिस.

चौथीला रिकामं राहणं चालत नाही. तो जुना मेकॅनिक जागा धरून बसला होता इतके दिवस. मी उठवला त्याला.

नंतर

ठोकणं थांबलं.

टेबलाखाली गारवा येतोय. पायांपाशी. कोणीतरी जागा करून देतंय.

त्याला सांगा, ओळ तशीच राहू द्यायला हवी होती, तो म्हणाला तेच बरोबर होतं. चहाच्या वेळी सांगणार होते.

दुसरी निवडतेय. दार उघडलं की आधी त्याला बाहेर ओढा. मी कुठे गेले ते नंतर बघा.

माझ्या चपला काढून टेबलाशी ठेवल्यात. मावशी, ह्या चौथीच्या दाराशी नेऊन ठेवा. कोणी काही म्हणू दे, साहेब म्हणू देत, मालक म्हणू देत. कोणी नीट मांडायला आलं तर हात लावू देऊ नका. ह्या वेळी तरी कोणी हलवू न